दोन्ही हात स्टिअरिंगवर

माझ्या नवऱ्याचं रिव्हॉल्वर मी स्वतः गाडी चालवत टिटवाळ्याहून डोंबिवलीच्या पोलीस ठाण्यात पोचवलं, आणि वाटेत कोणाला ओरखडाही आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगाच ताटकळत ठेवणारं लिखाण मला स्वतःला आवडत नाही. शिवाय ते गेल्यापासून अभिमानाने सांगावं असं माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही.

ते सैन्यात होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी ठाण्यातल्या एका सराफाची गाडी चालवली. त्या गाडीतून माल जायचा आणि मालकही जायचे, त्यामुळे ड्रायव्हर शस्त्राचा परवाना असलेला हवा होता. परवाना त्यांच्या नावाचा, रिव्हॉल्वरही त्यांचं स्वतःचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, "तू दिवसभर पुस्तकांत, ते कमरेला हत्यार लावून फिरणार, संध्याकाळी बोलता तरी काय गं?" आम्ही पुष्कळ बोलायचो. ते मला त्या दिवशीचे नाके सांगायचे.

ठाणे ते कल्याण हा रस्ता रोज करणाऱ्याला नाकाबंदी नवीन नसते. सण आला, निवडणूक आली, कुठे काही चोरी झाली, की बॅरिकेड लागतं. बाकीचे ड्रायव्हर त्याचा वैताग करायचे. हे मात्र देवळात चप्पल काढावी तितक्या सहजपणे एक क्रम पाळायचे. लांबूनच वेग कमी. गाडी डाव्या बाजूला. इंजिन बंद. चारही काचा खाली. अंधार असेल तर आतला दिवा चालू. आणि मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरून. पोलीस खिडकीशी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. कागद शोधायचे नाहीत, फोन उचलायचा नाही, सीटबेल्टसुद्धा सोडायचा नाही.

"आणि मग काय म्हणता?" मी एकदा विचारलं होतं.

"आधी 'परवाना' हा शब्द. 'साहेब, माझ्याकडे शस्त्राचा परवाना आहे.' मग हत्यार कुठे आहे ते. मग विचारायचं, तुम्ही सांगाल तसं करतो. आणि थांबायचं."

"एवढं नाटक?"

"अगं, तो सकाळपासून उन्हात उभा आहे. मी कोण ते त्याला माहीत नाही. मी कोण ते मला माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्याने सांभाळून घ्यायचं."

हे वाक्य मी पुढे अनेकदा मनात घोळवलं. नाक्यावर दोघंही घाबरलेले असतात आणि दोघांनाही ते दाखवायचं नसतं, असं ते म्हणायचे. माजिवड्याच्या एका हवालदाराची ते फार तारीफ करायचे. तो खिडकीच्या अगदी समोर न येता दाराच्या जरा मागे उभा राहायचा, हळू आवाजात बोलायचा, आणि तो बोलत असताना त्याच्याबरोबरचे बाकी सगळे गप्प असायचे. "एकाने बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं," हे म्हणायचे. "दोन पोलिसांनी दोन हुकूम दिले की समोरचा माणूस त्यातला एक मोडणारच. आणि मोडला की संपलं."

आणखी एक नियम होता, आणि त्या नियमावर पुढचं सगळं उभं आहे. कागद आणि हत्यार कधीही एका जागी ठेवायचं नाही. हत्यार उजव्या कमरेला असेल तर परवाना डोक्यावरच्या सन व्हायझरमध्ये. कागद काढायला गेलेला हात हत्याराच्या दिशेने जाताना दिसता कामा नये.

मालकाची नोकरी सोडल्यावर आम्ही डोंबिवलीजवळची कोपरची जागा विकून टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेलो. तिथे रस्ते झालेले होते, माणसं अजून यायची होती. त्या मोकळ्या रस्त्यांवर त्यांनी मला गाडी शिकवली. पन्नाशी उलटून गेलेली बाई पहिला गिअर टाकताना दात आवळते, हे पाहून सिमेंटच्या गोण्या उतरवणारी माणसं काम थांबवून उभी राहायची.

क्लच जमला, तसा यांनी नाका लावायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन ते कोपऱ्यावर उभे राहायचे आणि मला थांबवायचे.

"लायसन!"

मी बाजूच्या सीटवरच्या पर्सला हात घालायचे.

"गेलीस!" ते लाटणं माझ्यावर रोखून म्हणायचे. "पर्समध्ये काय आहे ते मला काय माहीत?"

"अहो, पर्समध्ये रुमाल आहे आणि विड्याची सुपारी आहे."

"ते तुला माहीत. मागे घे गाडी. पुन्हा ये."

मग मी पुन्हा यायचे. सगळं बरोबर जमलं की ते टपावर तळहाताची थाप मारायचे. दोनदा. "पास. जा पुढे." पोळ्या लाटताना मी म्हणायचे की सरकारी लाटण्याने पोळ्या गोल होत नाहीत. ते म्हणायचे, आधीही होत नव्हत्या.

त्यांचं आजारपण लांबलं नाही. हॉस्पिटलला जायच्या आधी त्यांनी पलंगावर बसून रिव्हॉल्वर रिकामं केलं, गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, आणि मग दोघांनाही जड गेलं असतं.

परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. पत्ता बदलायचा अर्ज त्यांनी केला होता, पण तो मार्गी लागण्याआधीच ते गेले. त्यामुळे कागदोपत्री ठाणं डोंबिवलीचंच राहिलं. तेरावं झाल्यावर मी फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आचारसंहिता लागलीय. परवाना, मृत्यूचा दाखला आणि हत्यार घेऊन लगेच या."

माझे धाकटे दीर तेराव्यासाठी गावाहून आले होते आणि माझ्या सोबतीला राहिले होते. भाऊजींना दुचाकीपलीकडे काही चालवता येत नाही. ते म्हणाले, "वहिनी, लोकलने जाऊ. कल्याणला बदलून डोंबिवली."

"लोकलने? मांडीवर रिव्हॉल्वर घेऊन?"

"मग रिक्षा करू."

"गाडी मी चालवणार आहे, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं. टिटवाळ्यात राहून देवाकडे पाहणं सोपं आहे. ते देवळात जाऊन अंगाराही घेऊन आले.

बॅग त्यांनी भरली. मी तेव्हा कपडे बदलत होते. आमच्या सासरी एक रीत आहे. कोणत्याही सरकारी कामाला निघताना जे जे लागेल ते सगळं एकाच पिशवीत घालायचं, म्हणजे कचेरीत पोचल्यावर एखादा कागद घरी राहिला असं होत नाही आणि हेलपाटा पडत नाही. तालुक्याच्या गावी चालत जाणाऱ्या माणसांनी पाडलेली शहाणी रीत आहे ती. भाऊजींनी ती मनापासून पाळली. परवाना, मृत्यूचा दाखला, गाडीचे कागद, सन व्हायझरमधून काढलेलं माझं लायसन, अंगाऱ्याची पुडी, पाण्याची बाटली, आणि सगळ्यांत वर, कातडं चुरगळू नये म्हणून, होल्स्टरमधलं रिव्हॉल्वर. गोळ्यांचा डबा तळाशी. चेन लावली आणि बॅग मांडीवर घेऊन ते माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, त्यांनी बॅगेत फक्त हत्यार ठेवलं आहे.

दुपार होती. शहाडच्या अलीकडे नदीवरचा पूल लागतो, त्याच्या आधी बॅरिकेड दिसलं. चकाकती जाकिटं घातलेले दोन पोलीस, छत्रीखाली टेबल, आणि निवडणुकीच्या काळात असतो तसा कॅमेरा घेऊन चित्रण करणारा एक माणूस. गाड्यांमधून रोकड नेली जाते का ते तपासत होते. खांद्याला रायफल लावलेल्या शिपायाने मला हात दाखवला.

मी वेग कमी केला, डावीकडे घेतलं, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. बोटं पसरली. आतून एक जुना आनंद झाला. वाटलं, पाहा, सगळं आठवतंय मला.

"कुठून आलात?" शिपाई खिडकीशी आला. "कागद दाखवा. आणि डिकी उघडा."

मी डोळे वर केले. व्हायझर रिकामा होता. तिथे माझं लायसन नव्हतं, काहीच नव्हतं. आणि त्या क्षणी मला आमची सासरची रीत आठवली.

तोवर भाऊजींचा हात चेनवर पोचला होता. ते कायद्याला मानणारे, साहेब म्हटलं की अर्धे उठणारे सज्जन गृहस्थ. "हो हो साहेब, आहेत ना, सगळे कागद आहेत, एकच मिनिट," म्हणत त्यांनी बॅग उघडली. होल्स्टर वरच होतं. त्यातून रिव्हॉल्वरची मूठ बाहेर आलेली होती.

"भाऊजी! हात!"

मी इतक्या मोठ्याने आयुष्यात कधी बोलले नव्हते. ग्रंथालयात काम केलेली बाई मी. भाऊजींचा हात बॅगेच्या तोंडाशी थांबला. पण शिपायाने मूठ पाहिली होती. तो झपकन मागे सरला आणि त्याची रायफल खांद्यावरून पुढे आली.

"ए! हलायचं नाही! हलायचं नाही!"

त्याच वेळी पलीकडून हवालदार धावत आला. "उतरा! खाली उतरा आधी! उतरा!"

भाऊजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागले. मग, हवालदार वयाने मोठा म्हणून असेल, ते उतरायला निघाले. मांडीवर उघडी बॅग. दाराची कडी शोधणारा हात बॅगेवरूनच जाणार होता. इकडे रायफलची नळी माझ्या डोक्याच्या पलीकडे त्यांच्यावर रोखलेली. मला शिपायाचं बोट दिसत नव्हतं, त्याचा गळा दिसत होता. तो आवंढा गिळत होता.

"थांबा भाऊजी. उतरू नका." मान न वळवता, समोरच्या बॅरिकेडकडे पाहत मी बोलले. "आम्ही कोणाचं ऐकायचं? तुम्ही म्हणता हलू नका, ते म्हणतात उतरा. दोघांपैकी एकानेच सांगा. जो सांगेल त्याचं आम्ही ऐकू."

पाठीमागे एका टेम्पोचा हॉर्न वाजला आणि बंद झाला.

"परवाना आहे," मी म्हणाले. आधी तो शब्द. "परवान्याचं हत्यार आहे. रिकामं आहे. त्या बॅगेत आहे. आणि आमचे कागदही चुकून त्याच बॅगेत आहेत. म्हणून आम्ही दोघं बॅगेला हात लावणार नाही. माझे हात इथे आहेत. भाऊजी, तुमचे पुढे, डॅशबोर्डवर. सावकाश."

भाऊजींनी दोन्ही हात डॅशबोर्डवर, तिथे चिकटवलेल्या गणपतीच्या दोन बाजूंना ठेवले.

छत्रीखालून एक बाई उठून आल्या. फौजदार होत्या. त्या धावल्या नाहीत. चालत आल्या, आणि येता येता हात खाली करून शिपायाला म्हणाल्या, "नळी खाली. जमिनीकडे. आता कोणी ओरडायचं नाही, मी एकटी बोलणार." मग माझ्या दाराच्या जरा मागे उभ्या राहिल्या. मला माजिवड्याचा हवालदार आठवला.

"ताई, तुमचे हात छान आहेत तिथेच. राहू द्या तसेच. हत्यार कोणाचं?"

"माझ्या मिस्टरांचं. ते वारले. जमा करायला निघालोय."

"बरं. आता मी पलीकडून दार उघडते आणि बॅग मी घेते. काका, मी बॅग घेईपर्यंत तुम्ही काही करायचं नाही. कळलं?"

"कळलं," भाऊजी म्हणाले. मग बारीक आवाजात, "मॅडम, नाकाला खाज सुटलीय."

"सुटू दे."

हवालदार हसला. आधी तोच हसला. मग शिपाईही हसला.

फौजदार बाईंनी दार उघडलं, बॅग उचलली, बाजूला नेली. "आता काका, खाजवा." आम्हाला एकेक करून उतरवलं. रिव्हॉल्वरचं तोंड नदीकाठच्या मोकळ्या मातीकडे धरून त्यांनी ते उघडून पाहिलं. रिकामं होतं. मग परवाना पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला. दाखल्यावरची तारीख वाचताना त्या थांबल्या. डोंबिवलीला फोन करून खात्री केली. मग मला टेबलाजवळची खुर्ची दिली.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"ज्यांचं हत्यार आहे त्यांनी."

"पोलिसात होते?"

"नाही. ड्रायव्हर होते. लाटणं घेऊन शिकवायचे."

त्यांनी सगळं विचारून घेतलं. लाटण्याचं, व्हायझरचं, 'परवाना' शब्द आधी का ते. मी हळूहळू बोलणारी बाई, पण त्या दुपारी मला कोणी घाई केली नाही. शिपाई जवळ येऊन ऐकत होता. मध्येच तो म्हणाला, "काकू, खरं सांगू? मला फक्त मूठच दिसली. पुढचं काही दिसलंच नाही." मी म्हटलं, मला तुमचा गळा दिसत होता. त्याने नकळत गळ्याला हात लावला.

"आणि आपली चूक?" फौजदार बाईंनी दोघांना विचारलं.

हवालदार बॅरिकेडकडे बघत म्हणाला, "दोघं बोललो, मॅडम."

"दोघं बोललो." त्या कॅमेऱ्यावाल्याकडे वळल्या. "सगळं आलंय ना त्यात? पुसू नकोस. उद्या सकाळच्या हजेरीला सगळ्यांना दाखवणार आहे." मग मला म्हणाल्या, "ताई, एकदा पुन्हा करून दाखवाल? नुसती गाडी घेऊन. हत्यार इथे माझ्याकडे राहू दे."

म्हणून मी मागे गेले आणि पुन्हा आले. भर दुपारी, उल्हास नदीच्या काठी, मी पुन्हा वेग कमी केला, डावीकडे घेतलं, हात स्टिअरिंगवर ठेवले. ताटकळलेल्या टेम्पोवाल्याला वाटलं असेल, बाई गाडी शिकतेय. सरावापुरतं मी सांगितलं, "माझ्याकडे शस्त्राचा परवाना आहे. हत्यार डिकीत कुलूपबंद आहे. कागद वर व्हायझरमध्ये आहेत. काढू का?" शिपाई दाराच्या मागे उभा राहून म्हणाला, "काढा. सावकाश." मी हात वर नेला. तो बघत राहिला. हवालदार तोंडातून चकार शब्द न काढता पलीकडे उभा होता. भाऊजी टेबलापाशी उभं राहून, जणू हे सगळं त्यांच्या घरी नेहमीच चालत आलं आहे अशा थाटात म्हणाले, "आमच्या दादाची पद्धत आहे ही."

त्यानंतर बॅग नीट लावली. रिव्हॉल्वर डिकीत, गोळ्यांचा डबा वेगळा, कागद व्हायझरमध्ये. अंगारा भाऊजींनी स्वतःच्या खिशात ठेवला. डोंबिवलीच्या ठाण्यात एका वैतागलेल्या कारकुनाने सगळं तपासून पोच दिली आणि रिव्हॉल्वर आत नेलं. ते दिसेनासं होईपर्यंत मी बघत होते. मला वाटलं होतं, मी तिथे रडेन. पण मला भूक लागली होती. आम्ही स्टेशनजवळ मिसळ खाल्ली आणि भाऊजींनी गावाला फोन लावून सगळ्यांना सांगितलं की वहिनीने पोलिसांना शिकवलं. मी त्यांना थांबवलं नाही.

परत येताना शहाडचा नाका तसाच होता. ऊन उतरलं होतं. तोच शिपाई होता, त्याने मला ओळखलं, आणि ओळखूनही हात दाखवला. मला ते आवडलं. मी गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

तो दाराच्या मागे येऊन उभा राहिला. "काकू, आता काही आहे का गाडीत?"

"काही नाही. जमा केलं."

"कागद?"

"वर व्हायझरमध्ये. काढू?"

"काढा. सावकाश."

मी काढले. त्याने सगळे पाहिले, खरोखरच पाहिले, आणि परत दिले. भाऊजींचे हात कोणी न सांगता डॅशबोर्डवर होते.

मग त्या शिपायाने टपावर तळहाताची थाप मारली. दोनदा. प्रत्येक नाक्यावर प्रत्येक पोलीस मारतो तशी, गाडी सोडताना. "चला, जा पुढे."

मी इंजिन सुरू केलं. पहिला गिअर न अडखळता पडला.